नव्या भाताला थांबलेलं घर

आता मी नाशिकच्या एका मोठ्या कॉलेजात वायफाय सांभाळते. इथे लॅपटॉप रीतसर चोरीला जातात. कॅन्टीनमधून जातात, वाचनालयातून जातात, एकदा तर परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवलेल्या बॅगांमधून गेला. मुलं धापा टाकत येतात, मी त्यांच्या यंत्राचा क्रमांक विचारते, पडद्यावर शोधते आणि सांगते, "शेवटचा दिसला तो वसतिगृहाच्या फाटकापाशी, सकाळी." मुलं माझ्याकडे अंगात आलेल्या बाईकडे पाहावं तसं पाहतात. यात माझी अक्कल फारशी नाही. छताला लावलेला प्रत्येक डबा आपल्या टापूत आलेल्या यंत्राची नोंद ठेवतो, कोण आलं, कधी आलं, कधी गेलं. गल्लीत प्रत्येक ओट्यावर एक काकू बसलेली असते ना, तसं. मी फक्त काकूंना विचारते.

पण दरवेळी पडद्यावर त्या नोंदी सरकायला लागल्या की मला जव्हारचं कॉलेज आठवतं. माझी पहिली नोकरी तिथली. इथल्या थंडगार खोलीत बसून मी त्या गळक्या कॉलेजसाठी झुरते, हे माझ्या वरिष्ठांना सांगितलं तर ते मला रजा घ्यायला सांगतील.

जव्हारचं ते कॉलेज डोंगराच्या कडेला होतं. पावसाळ्यात धुकं वर्गात येऊन बसायचं आणि हजेरीला तेवढं उत्तर द्यायचं नाही. मी लावलेल्या डब्यांत मुंगळे घरं करायचे, केबल माकडं ओढायची, आणि गच्चीवरच्या सगळ्या जोडण्यांना हिरवी बुरशी चढायची. तरीही वायफाय आलं तेव्हा गावात केवढं कौतुक झालं! आवाराच्या भिंतीलगत एक आंबा होता. वाचनालयातल्या डब्याची रेंज कशी कोण जाणे बरोबर त्या आंब्याखाली पडायची. सूर्यमाळहून, दाभोशाहून आलेली मुलं-मुली कॉलेज सुटल्यावर जीपची वाट बघत तिथे बसायची आणि मोबाइलवर काय काय उतरवून घ्यायची, कारण घरी गेल्यावर रेंज नाही. पाड्यावर आजारी माणूस असलं तर कोणी डॉक्टरला रिपोर्टचा फोटो त्याच आंब्याखालून पाठवायचं. मी तो डबा मुद्दाम कधी हलवला नाही. वाचनालयाच्या बाईंनी दोनदा तक्रार केली की आतल्या टेबलापर्यंत रेंज येत नाही. मी म्हटलं, आत येऊन बसतंय कोण?

या सगळ्यात माझ्याबरोबर असायचे ते संगणक कक्षाचे शिपाई. कॉलेजात सगळे त्यांना मामा म्हणायचे. राहायला साखरशेतला, घरची भातशेती, थोडी नाचणी. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि आम्ही दोघंच असलो की बाय. आमच्या भागात वडीलधारी माणसं लेकीबाळींना बाय म्हणतात, त्यामुळे मला ते मॅडमपेक्षा मोठं वाटायचं. मी शिडीवर चढले की ते खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभे राहायचे आणि आभाळात जरा कुठे गुरगुरलं की ओरडायचे, "उतर बाय, उतर! तुझं ते यंत्र मरू दे, तू नको मरू." मी चिडायचे. माझा स्वभाव तेव्हाही तापट होता आणि अर्धवट घट्ट केलेला स्क्रू सोडून खाली उतरणं मला जमत नसे. पण उतरायचे. त्यांनी शिडी सोडली असती असं नाही, पण हाका थांबल्या नसत्या.

संगणक कक्षाची चावी त्यांच्या कमरेला असे. चप्पल बाहेर काढल्याशिवाय ते कोणालाही आत सोडत नसत. देवळातही इतकी शिस्त नसेल. सकाळी कक्ष उघडायचा, सगळे लॅपटॉप कोरड्या फडक्याने पुसायचे, आणि दमट हवेचे दिवस असले तर खोलीत बल्ब लावून ठेवायचा, हा त्यांचा नेम. लॅपटॉप सरकारी योजनेतून आलेले होते, पण मामा त्यांच्याकडे घरच्या बैलांसारखं बघायचे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी कॉलेजात नेहमीप्रमाणे हत्यारांची पूजा झाली. मी नेमकी तेव्हा मोखाड्याला गेले होते, आमच्याच संस्थेच्या शाळेत इंटरनेटची तबकडी वाऱ्याने फिरली होती म्हणून. पूजेत कॉलेजातली सगळी हत्यारं मांडतात. मायक्रोस्कोप, वाचनालयाचे शिक्के, खेळाच्या सरांची थाळी आणि गोळा, माझी केबल कापायची पक्कड. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, सरस्वतीची लाकडी चौकटीतली मोठी तसबीर, खाली लाल कापड. प्रसाद वाटून झाला की जो तो आपलं हत्यार उचलतो आणि सुट्टीला पळतो.

त्याच संध्याकाळी परतीच्या पावसाने कॉलेजवर वीज पाडली. म्हणजे अगदी कॉलेजवर नाही, मागच्या सागावर, पण झटका आमच्या तारांतून आत शिरला. सगळ्या डब्यांचं मिळून एक डोकं असतं, ऑफिसातली एक पेटी; नोंदी तिच्यात साठतात. ती पेटीच गेली. दुरुस्तीला नाशिकला पाठवावी लागली आणि कॉलेजचं वायफाय बंद पडलं. आंब्याखाली मुलं सवयीने येऊन बसायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच वीज पाडली.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. सुट्टी संपून कक्ष उघडला तर एक लॅपटॉप कमी. मामांनी कपाट मोकळं केलं, टेबलांखाली पाहिलं, मग माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. कुलूप शाबूत, खिडक्या शाबूत, आणि चावी एकाच माणसाकडे.

आमचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगते. कडक होते, देवभोळे होते, आणि चुकलं म्हणणं त्यांना जन्मजात येत नव्हतं. त्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होते. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "चावी तुमच्याकडेच असते ना?" मामा म्हणाले, हो. सर म्हणाले, "बरं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट बघू. नाहीतर पोलिसांना कळवावं लागेल." आवाज चढवला नाही, वाकडं काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये मामा चहा घेऊन गेले की गप्पा थांबायला लागल्या. कोणीतरी आपल्या पर्सची चेन लावली, ते मी पाहिलं. त्या बाईशी मी पुढे महिनाभर बोलले नाही. तिला ते कळलं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या सकाळी मामा शेतातून थेट आले. हातात पिकलेल्या भाताच्या लोंब्यांची मूठ. सगळे मस्टरवर सह्या करत उभे होते. व्हरांड्यात सगळ्यांसमोर त्यांनी ती मूठ वर धरली.

"ही कणसरी मना हातात हाय," ते म्हणाले. "मी नेला असंल तर ही मना पचायची नाय. आन माझ्यावरचा आळ उतरल्याबिगर माझ्या घरात नवं भात शिजायचं नाय."

सर घाईघाईने पुढे आले. "अहो मामा, कोणी म्हटलंय का तुम्हाला काही?"

कोणीच म्हटलं नव्हतं. मामा लोंब्या टोपीत ठेवून कक्ष उघडायला गेले.

बाहेरून आलेल्या प्राध्यापकांना हे नाटक वाटलं. मला वाटलं नाही, कारण मी मोखाड्याच्या शेतकऱ्याची नात. आमच्याकडे धान्य ही वस्तू नाही, कणसरी म्हणजे धान्याच्या रूपातली आईच. तिला हातात घेऊन खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही. आणि शेतात नवं भात आलं तरी लगेच खायचं नसतं. आधी घरच्या कर्त्याने देवाला आणि वाडवडिलांना त्याचा घास द्यायचा, मग स्वतः खायचं, मग घराने. कर्ता थांबला की घर थांबलं. मामांच्या घरी मामी, दोन लेक, सुना, नातवंडं. आणि कणगीत गेल्या वर्षाचं भात ते किती उरणार?

पुढचे दिवस मी नाशिकच्या दुरुस्तीवाल्याला फोन करून करून हैराण केलं. त्याचं एकच उत्तर, सुटा भाग यायचाय. मला भरवसा त्या पेटीतल्या नोंदींचाच होता. लॅपटॉप चालू स्थितीत फाटकाबाहेर गेला असेल तर फाटकाच्या डब्याने तो पाहिला असणार, मग कोणत्या दिवशी आणि किती वाजता तेवढं तरी कळेल. बाकी कॉलेजात साप म्हणून भुई धोपटणं चालू होतं. बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत कोणी चौकशी केली, कोणी वसतिगृहाच्या मुलांच्या ट्रंका उघडल्या. मुलांनी मला विचारलं, "मॅडम, आमच्या ट्रंकेत लॅपटॉप मावतो का तरी?"

मध्येच एका दुपारी मी साखरशेतला जाऊन आले. कापणी आटोपली होती, झोडणीही झाली होती. अंगणात नव्या भाताची रास, वरून गोणपाट टाकलेलं. चुलीवर मात्र नाचणीची भाकरी. नातवंडं त्या राशीपाशी खेळत होती आणि त्यातली लहान मुलगी सारखी विचारत होती, "आज भात?" मामीने तिला दटावलं आणि मग माझ्यावरच राग काढला. "आण ह्यानी घेतली आन पोटं आमची. तुमच्या कालेजात एवढं शिकलेलं लोक, एक पाटी गावत नाय तुमाला?" मामा ओटीवर दोर वळत बसले होते. म्हणाले, "तिला नको बोलू. ती शिडीवर चढते आपल्यासाठी." मी भाकरी खाल्ली, आणि निघताना जीपमध्ये बसल्यावर मला स्वतःचाच एवढा संताप आला की मी ड्रायव्हरशी उगाच भांडले.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आणि पेटी आली. मी जेवण बाजूला ठेवून ती जोडली. दिवे लागले, जुन्या नोंदी शाबूत होत्या. हरवलेल्या लॅपटॉपचा क्रमांक टाकला आणि बघत बसले. पूजेच्या दिवशी सकाळी तो कक्षातल्या डब्यापाशी होता. मग व्हरांड्यातल्या. मग सभागृहातल्या. तिथे तो बराच वेळ होता, आणि तिथेच गप्प झाला. फाटकाच्या डब्याने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे लॅपटॉप पूजेला गेला होता आणि पूजेहून परत आला नव्हता.

मी धावत सभागृहात गेले. रंगमंचामागच्या खोलीत पूजेच्या सामानाची लोखंडी ट्रंक असते. तिची चावी सरांकडे. मी त्यांना हाताला धरून आणायचंच बाकी ठेवलं. ट्रंकेत समई, ताम्हन, आणि वर लाल कापडाचं गाठोडं. गाठ सरांचीच होती, ते स्वतःच म्हणाले. सोडली, तर सुकलेला झेंडू, अक्षता, सुपारी, सरस्वतीची तसबीर, आणि तसबिरीखाली हळदकुंकवाने माखलेला आमचा लॅपटॉप. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

मग उलगडा होत गेला. पूजा मांडणारी तासिकेवरची तरुण प्राध्यापिका कक्षातून एक लॅपटॉप घेऊन आली होती, पडद्यावर सरस्वतीचं चित्र लावून पूजेत ठेवावा म्हणून. मामा तेव्हा शिडीवर चढून सभागृहाच्या दाराला तोरण बांधत होते, कक्ष उघडाच होता. ती दुपारच्या गाडीने बाळंतपणाला माहेरी गेली. फोन केला तेव्हा म्हणाली, "अय्या, मला वाटलं तो केव्हाच परत ठेवला असेल." पूजेनंतर बॅटरी संपली, पडदा काळा झाला, कोणीतरी झाकण मिटलं, कोणीतरी तसबीर त्याच्यावर आडवी केली. लोकांनी आपापली हत्यारं उचलली. हा तिचा स्वतःचा असं सगळ्यांनी धरलं, त्यामुळे उचलायला कोणाचाच नव्हता. आणि पूजेतलं फूल पायाखाली येऊ नये म्हणून सरांनी कापडाची चारही टोकं उचलून जे होतं ते तसंच बांधलं. देवीच्या वस्तूला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. निर्माल्य सवडीने नदीत सोडायचं ठरलं होतं. ते सोडलं नाही हे आमचं नशीब.

स्टाफरूममध्ये हशा पिकला. सरांनी सगळ्यांना चहा सांगितला. मी विचारलं, "मामांना कोणी कळवलं?" त्या दिवशी ते रजेवर होते. हेडक्लार्क म्हणाले, "उद्या येतीलच की."

मी मिळेल ती जीप धरून साखरशेत गाठलं. अंगणातूनच ओरडले, "मामा, सापडला! सरांच्याच गाठोड्यात होता!" मामी हसायला लागली आणि डोळे पुसायला लागली, दोन्ही एकदमच. सुनेने तर आत पातेलं काढलंही. मामा उठले, मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुला सांगाय कोनी धाडलं?"

"कोणी नाही. मीच आले."

ते परत खाली बसले. "मंग नाय शिजायचं अजून."

सुनेने पातेलं तसंच हातात धरून ठेवलं. मी समजावून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "बाय, चावी कोनाकडं असं त्यांनी विचारला. समद्यांनी आयकला. त्यांनी हितं येऊन जेवाय पायजे."

हे मला समजावून सांगावं लागलं नाही. ज्याच्यावर चोरीचा आळ, त्याच्या घरचं नवं अन्न कोणी खात नाही. येऊन जेवलं की आळ उतरला. सभा नको, कागद नको.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये हे सांगितलं तेव्हा सर ताठ झाले. "मी त्यांना चोर म्हटलंय का कधी? मग मी कशासाठी जायचं?"

माझा तोल गेला. "म्हटलं असतंत तर बरं झालं असतं, सर. निदान शब्द मागे घेता आला असता. न बोललेलं कसं मागे घेणार?"

मी बाहेर आले आणि ठरवलं की आता नोकरी गेली. घरी आईला फोन करून तसं सांगूनही टाकलं. ती म्हणाली, जाऊ दे, वडिलांवर गेलीयेस.

दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी सर जीपच्या थांब्यावर उभे होते. इस्त्रीचा सदरा, हातात काही नाही. मला म्हणाले, "तुम्ही येणार असाल तर बरं होईल. मला घर माहीत नाही."

साखरशेतला पोचलो तेव्हा मामा अंगणात उभे होते. "या सर," एवढंच म्हणाले. सून मागे वळून धावत आत गेली, आणि थोड्या वेळाने घरभर वास सुटला. नव्या भाताचा तो वास मी नाशिकच्या कुठल्या महागड्या तांदळात अजून शोधते, मिळत नाही. मामांनी आतल्या कोपऱ्यात देवाला, वाडवडिलांना घास ठेवला, हात जोडले. मग पानं मांडली. भात, उडदाची आमटी, कोपऱ्यात मिरचीचा ठेचा. सर घोंगडीवर मांडी घालून बसले, त्यांच्यासमोर मामा. दाराशी लेक, सुना, नातवंडं आपापलं पान घेऊन थांबलेली. कोणीच हात लावेना.

सरांनी घसा साफ केला. "मामा, त्या दिवशी मी… म्हणजे ते गाठोडं माझ्याच…" पुढचा शब्द येईना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. एवढा मोठा माणूस, हजार मुलांसमोर न थांबता बोलणारा.

मामी डाव हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, बोलाय नाय जमत तर नका बोलू. खा."

सरांनी भात कालवला आणि घास घेतला. मामा त्यांच्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होते. घास खाली उतरला. मग मामांनी आपल्या पानाला हात लावला, पहिला घास तोंडात घातला, आणि दाराकडे बघून मान हलवली. लहान मुलगी पानावर तुटून पडली. मला रडू फुटलं. मी म्हटलं, ठेचा तिखट आहे. मामीने माझ्या पानात आणखी भात वाढला.